वास मनातला की खोलीतला

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, पळसदरा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

अर्जदार : नीलाबाई थावरा आडे, वय ४७, रा. पळसदरा तांडा.

विषय : वेदना पुनर्वसन कक्षातील दुर्गंधी हा अर्जदाराच्या मनाचा आजार ठरवल्याबाबत, आणि मंगळवार दि. १८ फेब्रुवारीच्या सत्रास माणसांना बसता येईल अशी जागा मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ३१ डिसेंबर. २) दुसरा अर्ज, दि. ७ जानेवारी. ३) तिसरा अर्ज, दि. १७ जानेवारी. ४) आपल्या सहीचा पाहणी अहवाल, दि. २४ जानेवारी.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, हा अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून लेखनिक भागवत याने लिहिला आहे. अर्जदाराला लिहिता येत नाही. बोलता मात्र उत्तम येते, आणि आपले काही बोल जसेच्या तसे घालावेत अशी तिची सक्त ताकीद आहे. लेखनिकाने त्यातले निम्मे गाळले आहेत. गाळलेले कोणते, ते साहेबांनी विचारू नये.

१. अर्जदार मजुरी करते, म्हणजे करत होती. आठ वर्षांपूर्वी वसमतच्या बाजाराला निघालेल्या ट्रॅक्टरवर हळदीची पोती चढवताना ती पोत्यासकट खाली आली आणि कंबरेचा मणका दुखावला. हाड सहा महिन्यांत भरून आले असे फोटोत दिसते. दुखणे मात्र हटले नाही. नांदेडला जाऊन पाठीत सुया घेतल्या, वारंगा फाट्यावरच्या एकाकडून तेल चोळून घेतले, सासूने सांगितले म्हणून तापल्या विळ्याचे दोन डागही सोसले. डाग अजून आहेत आणि दुखणेही आहे. तीन मिनिटांच्या वर तिला एका जागी उभे राहता येत नव्हते. तांड्यावर लोक म्हणत, बाई सोंग करते. नवरा थावरा तोंडाने बोलला नाही, पण पाण्याची घागर स्वतः उचलताना जो सुस्कारा टाकायचा तो अर्जदाराला बराबर समजायचा.

२. अशा स्थितीत दि. १७ डिसेंबरपासून आपल्या रुग्णालयात वेदना पुनर्वसनाचे बारा मंगळवार सुरू झाले. चौदा बाया नोंदवल्या गेल्या. समुपदेशक म्हणून आरोही मॅडम हिंगोलीहून एसटीने येतात. पहिल्या दिवशी अर्जदार भडकली होती. तिचे बोल : "दुखते कंबर आन् दवा डोस्क्याला? मला येडी ठरवून राहिले का?" त्यावर मॅडमनी सांगितलेले अर्जदाराला आजही तोंडपाठ आहे. त्या म्हणाल्या, दुखणे शंभर टक्के खरे आहे. जखम भरली, पण अंगाची राखण करणारे कुत्रे अजून भुंकून राहिले. चोर गेला हे त्याला कोणी सांगितलेच नाही. आपण त्याला मारायचे नाही, हळूहळू समजावायचे.

आठ वर्षांत अर्जदाराला 'तुझे दुखणे खरे आहे' म्हणणारे हे पहिले माणूस. त्या दिवशी ती घरी जाऊन रडली, हे तिने लिहू नको म्हटले होते, पण लेखनिकाच्या मते साहेबांना कळणे गरजेचे आहे.

समजावण्याची रीत अशी. एक, सावकाश श्वास : चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. दोन, काम तोडून तोडून करणे : दहा मिनिटे शेंगा फोडायच्या आणि दुखो वा न दुखो, उठायचे. दुखेपर्यंत ताणायचे नाही आणि दुखेल म्हणून पडूनही राहायचे नाही. तीन, रोज दुखण्याची नोंद. लिहिता न येणाऱ्या बायांनी ही नोंद कशी करावी, हा प्रश्न अर्जदाराने स्वतः सोडवला. तिने एका काळ्या कापडावर रोज एक ओळ कशिदा घालायला घेतला. फार दुखले तर लाल दोरा, नेहमीइतके तर पिवळा, आणि ठरवलेले काम झाले तर हिरवा. मॅडमनी ते कापड पाहिले आणि म्हणाल्या, बाई, अशी चांगली वही मी आजवर पाहिली नाही.

३. प्रत्येकीने काहीतरी एक ठरवायचे होते, जे दुखणे असूनही तिला करायचे आहे. अर्जदाराची लेक दिपा हिचे लग्न वैशाखात आहे. बंजारा रिवाजाप्रमाणे सासरी निघताना नवरी आईच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते, आईही तिला गाऊन उत्तर देते. त्याला ढावलो म्हणतात. तो उभ्याने म्हणायचा असतो. अर्ध्या तासाच्या आत तो संपला तर तांडा म्हणतो, आईला पोरीची माया नव्हती. थोरल्या लेकीच्या लग्नात अर्जदार तिसऱ्या मिनिटाला खाली बसली होती. पोरगी वर एकटी गात राहिली आणि मग चुलतीच्या गळ्यात पडली. अर्जदाराचे बोल : "त्या येळेला मी जमिनीवर बसून लेकीचे पाय पाहून राहिले होते. दिपाच्या येळेला मला तिचं तोंड पाहायचं हाय."

एवढेच तिला हवे आहे. तिने आजवर सरकारकडे दुसरे काही मागितलेले नाही.

४. आता खोलीविषयी. मशीनवाल्या उपचाराला आपण फरशीची, दोन पंख्यांची खोली दिली. समुपदेशनाला मशीन लागत नाही, नुसते बोलणेच तर आहे, म्हणून मळक्या चादरी टाकायची मागची खोली दिली. हे आपल्या लिपिकाचे म्हणणे आहे, लेखनिकाने पदरचे घातलेले नाही. ह्या खोलीच्या मागच्या भिंतीला संडासाची टाकी लागून आहे. टाकीचे झाकण फुटले आहे. भिंतीच्या बुडातून पाणी पाझरते आणि तिथे काळा-हिरवा चिखल धरलेला असतो. चिखलात अळ्या आहेत. चटई उचलली की चटईच्या पोटाला त्या चिकटून येतात. दि. २४ डिसेंबर रोजी सत्र चालू असताना एक कुत्रे रक्ताने माखलेला कापसाचा बोळा तोंडात धरून आत आले आणि दोन बायांच्या मधोमध बसून तो चघळू लागले. हाकलले तर गुरगुरले. शी! लिहितानाही लेखनिकाच्या अंगावर काटा येतो.

आणि अशा खोलीत आरोही मॅडमनी सांगायचे काय, तर डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या.

खतीजाबी नावाची बाई अर्जदाराच्या शेजारी बसते. ती गाद्या भरते, तिचा खांदा कापूस पिंजून पिंजून गेला आहे. माणूस धुळीत जन्म काढलेले, नाजूक म्हणता येणार नाही. तिसऱ्या मंगळवारी तिने चार मोजेपर्यंत श्वास आत घेतला आणि पाचव्याला चटईवर उलटी केली. तोंड पुसून ती म्हणाली, "मेरे कू नको ये सांस. इससे तो दरद अच्छा है." बाकीच्या बाया हसल्या, मग त्यांनाही मळमळले. अर्जदाराने त्या दिवशी घरी जाऊन कापडावर दोन ओळी लाल घातल्या. एका दिवसाची एकच ओळ असा नियम असताना दोन.

खात्री करावी म्हणून लेखनिक स्वतः जाऊन आला. दारापर्यंत गेला, पुढे जाववले नाही. त्यानंतर तीन दिवस त्याला घरी वरण खाववले नाही आणि बायकोला कारणही सांगता आले नाही.

५. संदर्भ क्र. १ च्या अर्जावर आपल्या कार्यालयाने खोलीत डांबराच्या सहा गोळ्या ठेवल्या आणि तक्रार निकाली काढली. संदर्भ क्र. २ च्या अर्जावर मोगऱ्याच्या अगरबत्तीचा पुडा मंजूर झाला आणि समोरच्या भिंतीवर धबधब्याचे मोठे चित्र लावण्यात आले, जेणेकरून रुग्णांना प्रसन्न वाटावे. पुढच्या मंगळवारी खोलीत संडास, डांबर आणि मोगरा असा तिन्हींचा मिळून वास आला. अर्जदाराच्या मते पहिला एकटा होता तेव्हा निदान ओळखीचा होता. मोगऱ्याचा गजरा तिला आता आयुष्यभर नको झाला आहे. दिपाच्या लग्नात गजरे कोणत्या फुलांचे आणायचे, हा एक नवा घोर साहेबांनी तिच्या मागे लावला.

६. संदर्भ क्र. ३ च्या अर्जाला पुरावा म्हणून अर्जदाराने आपले कशिद्याचे कापड जोडले. खोलीतल्या मंगळवारनंतरचे दोन-दोन दिवस लाल आहेत, बाकी आठवडा पिवळा-हिरवा आहे, हे आंधळ्यालाही हात फिरवून कळावे. आपले लिपिक हरिचंद यांनी प्रथम कापड आवक करता येत नाही असे सांगितले. कागद असेल तर घेतो, म्हणाले. अर्जदार हटेना तेव्हा त्यांनी त्रासून कापड टेबलावर पसरले आणि मधोमध 'आवक' असा जांभळा शिक्का मारून परत दिले. जानेवारीचे नऊ दिवस शिक्क्याखाली गेले. ती शाई तीनदा धुऊनही जात नाही. ज्या नऊ दिवसांत अर्जदाराने पहिल्यांदा सलग पाच हिरव्या ओळी घातल्या होत्या, ते हेच. अर्जदार कापड घेऊन बाहेर आली आणि लिंबाखाली बसून राहिली. थावरा विचारत होता, काहून गं, काय झालं? तिने त्याला नुसता शिक्का दाखवला.

७. यानंतर दि. २४ जानेवारी रोजी आपण स्वतः पाहणी समितीच्या दोन सदस्यांसह पाहणी केली. आदल्या दिवशी टँकर लावून टाकी उपसण्यात आली, चिखलावर मुरूम पडला, भिंतींना चुना लागला. कुत्रेही कुठे गेले कोण जाणे. आपण नाकाला अत्तराचा रुमाल लावून दारात चार मिनिटे उभे राहिलात, आत पाऊल टाकले नाही. ज्या अहवालावर आपली सही आहे त्यातील मजकूर जसाच्या तसा :

"पाहणीवेळी कोणतीही दुर्गंधी आढळून आली नाही. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांमध्ये मनाची संवेदनशीलता वाढलेली असते. सबब सदर दुर्गंधी ही मानसिक स्वरूपाची असून तक्रारदार महिलेस त्याबाबत चार जादा समुपदेशन सत्रे देण्यात यावीत. स्थळ : वेदना पुनर्वसन कक्ष."

म्हणजे तीच खोली. घाणीचा भास घालवायला घाणीत बसायचे! महोदय, लेखनिकाने बावीस वर्षे अर्ज लिहिले. सातबाऱ्यावर जिवंत माणसाला मयत दाखवलेले पाहिले, मयताला रेशन देताना पाहिले. पण नाकाला आलेला वास मनाच्या खाती टाकलेला पहिल्यांदा पाहिला. आठ वर्षे लोक अर्जदाराला म्हणत आले की तुझे दुखणे मनातले आहे. ज्या खोलीत पहिल्यांदा कोणी तिला 'नाही, ते खरे आहे' म्हणाले, त्याच खोलीवरून आपण तिला परत 'मनातले' म्हणालात. अर्जदाराला ह्याचा जेवढा वीट आला तेवढा अळ्यांचाही आला नाही. तिचे बोल : "अळी बिचारी घाणीतच जलमली. साहेब शिकलेले हाईत."

८. दि. २८ जानेवारीपर्यंत टाकी पुन्हा भरली, मुरूम खचला. म्हणून दि. ४ व ११ फेब्रुवारीची सत्रे आरोही मॅडमनी आवारातल्या लिंबाखाली घेतली. चौदा बाया ओळीने बसल्या, खतीजाबीने सगळ्यांना बसायला गाद्यांच्या पट्ट्या आणल्या. त्या दोन मंगळवारी अर्जदार अनुक्रमे नऊ आणि अकरा मिनिटे उभी राहिली. आठ वर्षांत अकरा मिनिटे. बाकीच्या बाया मोजत होत्या, अकरा झाली तेव्हा सगळ्यांनी एकदम ओरडून रुग्णालयातले पेशंट खिडकीत आणले.

त्याचे फळ काय मिळाले, तर मॅडमना कारणे दाखवा नोटीस. हजेरीचे अंगठ्याचे यंत्र त्या खोलीच्या भिंतीवर आहे, लिंबाला नाही. बाया यंत्रावर अंगठा ठेवायला त्या घाणीत आत गेल्या नाहीत, सबब चौदाही बाया दोन मंगळवार गैरहजर. तिसऱ्यांदा गैरहजर राहिले की नाव कमी होते आणि पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. दिपाचे लग्न वैशाखात आहे. साहेबांना पंचांग पाहण्याची गरज नाही.

येत्या मंगळवारी अर्जदाराने आत बसावे तर तिचा जीव घुसमटतो, आणि बाहेर बसावे तर नाव जाते. आत बसून श्वास रोखून धरायचा हाही विचार तिने केला. पण श्वास रोखला की कंबर आवळते, आणि आवळलेली कंबर सोडवण्यासाठीच तर ही सगळी खटपट आहे.

९. आरोही मॅडमनी बायांना आणखी एक रीत शिकवली आहे. मनात येणारा विचार खरा की खोटा, यावर भांडत बसायचे नाही, करून पाहायचे. अर्जदाराला आठ वर्षे वाटत होते की वाकले तर कणा मोडेल. मॅडम म्हणाल्या, मोडेल की नाही ते आपण पाहू, रिकामी कळशी उचला. उचलली, कणा मोडला नाही. दुखले, पण मोडला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी भरून उचलली.

वासाच्या बाबतीतही हीच रीत वापरावी असे अर्जदाराचे म्हणणे आहे आणि लेखनिकाला त्यात काही चूक दिसत नाही. वास अर्जदाराच्या मनात असेल, तर ती जिथे जाईल तिथे तो तिच्याबरोबर जाईल. सबब मंगळवार दि. १८ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ वाजता हे चाळीस मिनिटांचे सत्र साहेबांच्या दालनात घेण्यात यावे. चौदा बाया आपापल्या पट्ट्या घेऊन येतील, साहेबांच्या खुर्चीला हात लावणार नाहीत. त्याच चाळीस मिनिटांत साहेबांनी आपले कार्यालयीन कामकाज वेदना पुनर्वसन कक्षात, दार लावून, चटईवर बसून करावे. आपल्याच अहवालाप्रमाणे तिथे कोणतीही दुर्गंधी नाही, तेव्हा साहेबांना अडचण येण्याचे कारण दिसत नाही. आदल्या दिवशी टँकर बोलावू नये एवढी विनंती. टाकीवर सोमवारी दिवसभर थावरा आणि तांड्यावरचे दोघे जण बसून राहतील.

हजेरीचे यंत्र दोन स्क्रूंवर आहे, ते साहेबांच्या परवानगीने दालनात लावता येईल. मॅडमवरची नोटीस मागे घ्यावी. लिंबाखालच्या दोन मंगळवारांची हजेरी धरावी, त्याला चौदा बाया आणि खिडकीतले सगळे पेशंट साक्षीला आहेत.

चाळीस मिनिटांनी साहेबांनी बाहेर यावे. आपल्याला वास आला नाही, तर अर्जदार भरल्या रुग्णालयात कबूल करील की तिचे मन बिघडले आहे, आणि चारही जादा सत्रे त्याच खोलीत घेईल. आला, तर साहेबांनी दुसरा अहवाल लिहावा. साहेब आलेच नाहीत, तरी बाया अकरा वाजता दालनात बसतील. परवानगी मिळो वा न मिळो, कारण अर्जदाराकडे वैशाखापर्यंत मंगळवार मोजकेच आहेत आणि तिला अकरा मिनिटांची तीस करायची आहेत.

शेवटचा मजकूर लेखनिकाने 'तरी साहेबांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा' असा घातला होता. अर्जदाराने तो खोडायला लावला आणि त्या जागी हे लिहायला सांगितले : "साहेब, दुखणं माझं हाय. ते माझं हाय म्हणून मी कबूल केलं, त्याला रोज समजावून राहिले. घाण तुमची हाय. ती तेवढी तुमी कबूल करा."

मंगळवारी अकरा वाजता येणारी,

नीलाबाई थावरा आडे
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : भागवत, तहसील कचेरीसमोर, कळमनुरी
दिनांक : १३ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) दि. २४ जानेवारीच्या अहवालाची छायाप्रत. २) आरोही मॅडमना दिलेल्या नोटिशीची छायाप्रत. ३) चौदा बायांचे अंगठे व सह्या, एक पान. खतीजाबीची सही उर्दूत आहे.